ॲक्सेस पॉइंटचे गट सांभाळताना या चुका टाळा

घरातला एक राउटर सांभाळणे आणि इमारतीतले चाळीस ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे जागोजागी लावलेली वायफाय देणारी यंत्रे) सांभाळणे यांत फरक फक्त संख्येचा आहे, अशी समजूत करून घेऊन जे कंट्रोलरसमोर, म्हणजे सगळे एपी एका जागेवरून चालवणाऱ्या व्यवस्थेसमोर, बसतात, त्यांचे फोन मला साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येऊ लागतात. नागपुरात हा फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो: “भाऊ, सारे एपी हिरवे दिसून राहिले, पण नेट चालूनच नाही राहिलं.” वाडीच्या गोदामापासून धरमपेठेतल्या शिकवणीवर्गापर्यंत आणि महालातल्या जाड भिंतींच्या वाड्यात उघडलेल्या कार्यालयापासून मिहानमधल्या काचेच्या इमारतीपर्यंत जागा बदलतात, चुका बदलत नाहीत. त्या इतक्या वेळा पाहिल्या आहेत की फोनवरचे पहिले दोन मिनिटांचे बोलणे ऐकून चूक कोणती असेल याचा अंदाज येतो. आणि त्यांतल्या काही मी स्वतः केलेल्या असल्यामुळे तो अंदाज सहसा चुकत नाही.

कंट्रोलरमध्ये ॲक्सेस पॉइंटचा गट करतात तो एका कारणासाठी: नेटवर्कचे नाव, पासवर्ड, व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळे ठेवलेले आभासी नेटवर्क), चॅनेल, पॉवर ही सगळी माहिती एकदा लिहायची आणि ती गटातल्या प्रत्येक एपीला आपोआप जायची. एखादी कंपनी त्याला ग्रुप म्हणते, दुसरी साइट म्हणते, तिसरी झोन किंवा प्रोफाइल म्हणते, काम तेच. या सोयीची दुसरी बाजू अशी की चुकीचा आकडाही तितक्याच तत्परतेने, कोणालाही न विचारता, सगळ्यांना जातो.

एकावर चालले म्हणून सगळ्यांवर पुश करणे

ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून सविस्तर सांगतो. हिंगणा रस्त्यावरील एका शिक्षणसंस्थेच्या चारमजली इमारतीत ३८ एपी होते आणि ते सगळे कंट्रोलरच्या मूळ, म्हणजे डीफॉल्ट गटात होते. एपींचे व्यवस्थापन व्हीलॅन १ वरून काढून व्हीलॅन ४० वर न्यावे, असे मी ठरवले. विचार योग्यच होता. विद्यार्थ्यांची रहदारी आणि एपींची आपापसातली व्यवस्था एकाच व्हीलॅनवर ठेवू नये, हे आजही माझे मत आहे. मुख्य स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र येतात त्या यंत्रावर, व्हीलॅन ४० तयार केले, त्यावर डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) सुरू केले, एपीला कंट्रोलरचा पत्ता मिळावा म्हणून डीएचसीपीचा ४३ क्रमांकाचा पर्याय भरला आणि सर्व्हर खोलीतल्या टेबलावर ठेवलेल्या एका एपीवर बदल करून पाहिला. तो दोन मिनिटांत नव्या पत्त्यासह परत आला. चाचणी झाली, असे मी स्वतःलाच जाहीर केले आणि सकाळी ११ वाजता संपूर्ण गटाला बदल पुश केला.

तळमजल्यावरचे ६ एपी परत आले. उरलेले ३२ आले नाहीत.

कारण नंतर दिसले तेव्हा लाज वाटावी इतके साधे होते. तळमजल्याचे एपी आणि माझा चाचणीचा एपी थेट मुख्य स्विचला जोडलेले होते. वरच्या मजल्यांवर मात्र प्रत्येकी एक वेगळा स्विच होता आणि त्या स्विचकडे जाणाऱ्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन ४० सोडलेलेच नव्हते. एपी नव्या व्हीलॅनवर जाऊन पत्ता मागत होते आणि त्यांची हाक मजल्याबाहेर पडत नव्हती. कंट्रोलर सापडेना तरी काही प्रकारचे एपी आपले वायफाय चालू ठेवतात. हे तसे नव्हते. ते ठरावीक वेळाने रीबूट होऊन पुन्हा कंट्रोलर शोधत बसत, त्यामुळे तीन मजल्यांचे वायफाय गेले. आणि दिवस प्रवेशाचे होते.

घाबरलेला माणूस जे करतो ते मी केले. शिडी मागवली, एका मुलाला खाली धरायला उभे केले आणि एपी काढून रीसेटच्या भोकात पिन घालू लागलो. रीसेट झालेला एपी जुन्या व्हीलॅनवर येई, कंट्रोलरमध्ये दिसू लागे, मी समाधानाने शिडी पुढे सरकवी, आणि तेवढ्यात तो पुन्हा गायब होई. चौथ्या एपीनंतर शिडी धरणारा मुलगा शांतपणे म्हणाला, “साहेब, हे तर वर येऊन पुन्हा जाऊन राहिले.” ते जाणारच होते. रीसेट झालेला प्रत्येक नवा एपी आपोआप डीफॉल्ट गटात पडत होता, आणि त्या गटाची सेटिंग होती व्हीलॅन ४०. मी ज्या खड्ड्यातून एपी वर काढत होतो, कंट्रोलर त्यांना त्याच खड्ड्यात प्रामाणिकपणे परत टाकत होता.

शेवटी खाली बसून चहा घेतला, स्विचमध्ये शिरलो, तिन्ही मजल्यांच्या ट्रंकवर आणि एपींच्या पोर्टांवर व्हीलॅन ४० सोडले आणि १५ मिनिटांत सगळे एपी परत आले. शिडीवर चढण्याची मुळात गरजच नव्हती. त्यात अडीच तास गेले होते.

त्या दिवसापासून काही सवयी लागल्या. डीफॉल्ट गट मी रिकामा ठेवतो. त्यात कोणतेही चालते नेटवर्क नसते, त्यामुळे नवा किंवा रीसेट झालेला एपी तिथे निरुपद्रवी अवस्थेत येऊन थांबतो आणि मी हाताने उचलून त्याला योग्य गटात नेईपर्यंत काही करत नाही. प्रत्येक ठिकाणी ‘चाचणी’ नावाचा एक गट असतो आणि त्यात सगळ्यात गैरसोयीचे एपी असतात: प्रत्येक स्विचवरचा एक, प्रत्येक मॉडेलचा एक, आणि मुख्य स्विचपासून सर्वांत दूरचा एक हमखास. टेबलावरच्या एपीवर केलेली चाचणी फक्त टेबल ठीक असल्याचे सांगते. चाचणी गटावर बदल गेला की मी एक दिवस थांबतो. हे ऐकून नवीन मुले चुळबुळ करतात, कारण त्यांना काम आजच संपवून दुसऱ्या साइटवर जायचे असते. व्यवस्थापनाचे व्हीलॅन, आयपी पत्ते आणि कंट्रोलरचा पत्ता या तीन गोष्टी चुकल्या तर चूक सुधारण्याचा रस्ताही बंद होतो. पासवर्ड किंवा चॅनेल चुकल्यास निदान एपी हाताशी तरी राहतो. म्हणून या तिघांच्या बाबतीत मी कोणाचीही घाई चालवून घेत नाही. संपर्क तुटला की आपोआप जुन्या सेटिंगवर परतणारे एपीही बाजारात आहेत, पण त्या सोयीच्या भरवशावर काम करणे मला आवडत नाही.

फर्मवेअरलाही, म्हणजे एपीच्या आतल्या सॉफ्टवेअरलाही, हाच नियम लागू आहे. रात्री दोन वाजता सगळ्या गटाचे फर्मवेअर आपोआप बदलणारी खूण काढून टाका. नवीन आवृत्ती आली की चाचणी गटाला द्या, आठवडाभर पाहा, मग एकेका मजल्याला द्या, आणि कंट्रोलरचा बॅकअप आधी घेऊन तो कंट्रोलर ज्या यंत्रावर आहे त्याच्या बाहेर ठेवा.

गट खरेदीच्या बिलावरून पाडणे

कंट्रोलर उघडल्यावर ‘जुने एपी’, ‘नवे एपी’ आणि ‘दिवाळीत घेतलेले’ असे गट दिसले की पुढचे सगळे समजते. गट पाडायचा तो जागेचा वापर पाहून. वर्गखोलीत ६० जण एका वेळी जोडले जातात आणि एपी दर दहा-बारा मीटरवर असतात. गोदामात दहा स्कॅनर फिरत असतात. अंगणातला एपी एकटाच असतो. या तिघांना पॉवर, चॅनेलची रुंदी आणि किमान वेग वेगवेगळे लागतात, मग ते एपी एकाच दिवशी एकाच खोक्यातून निघालेले का असेनात. मॉडेल वेगळे असले तरी एकाच सभागृहातले एपी एकाच गटात असावेत. मॉडेलपुरता फरक त्या एपीवर वेगळा लिहिता येतो. मात्र असे अपवाद वाढू लागले की गटाला अर्थ राहत नाही. चाळीसपैकी पंचवीस एपींवर हाताने केलेली सेटिंग असलेले एक ठिकाण मी पाहिले आहे. तिथे गटाचा पासवर्ड बदलला तेव्हा पंधराच एपींचा बदलला.

रेंज कमी पडते म्हणून सगळ्यांची पॉवर पूर्ण करणे

दुसरी माझी आवडती चूक ही. आवडती अशासाठी की ती करणाऱ्याला आपण उपकार करत आहोत असे वाटत असते.

वाडीच्या एका गोदामात हाती धरायचे स्कॅनर चालताना तुटत होते. मूळचे १४ एपी होते. तक्रार आली म्हणून आधीच्या माणसाने ६ वाढवले, तक्रार वाढली म्हणून सगळ्यांची पॉवर ‘हाय’ केली, आणि तरीही माल मोजणारी मुले रांगेच्या टोकाला जाऊन स्कॅनर हवेत उंच धरून उभी राहत होती. नऊ मीटर उंच छताखाली २० एपी, सगळे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर, आणि प्रत्येकावर चार नेटवर्क: कार्यालय, स्कॅनर, पाहुणे आणि कॅमेरे.

आता हिशेब पाहा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरायचे: १, ६ आणि ११. मोकळ्या गोदामात पूर्ण पॉवरवर सगळे एपी सगळ्यांना ऐकू येतात, म्हणजे एका चॅनेलवर सहा-सात एपी. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते आणि दुसऱ्याचे ऐकू येत असेल तर थांबायचे असते. त्यामुळे हे सहा-सात एपी मिळून एकाच एपीचे काम करत होते. शिवाय प्रत्येक नेटवर्कच्या नावासाठी प्रत्येक एपी दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन पाठवतो. सर्वांत कमी वेग १ एमबीपीएस ठेवलेला असेल, तर सुमारे ३०० बाइटच्या एका बीकनला अडीच मिलिसेकंद लागतात. सहा एपी गुणिले चार नावे म्हणजे २४ बीकन, म्हणजे ६० मिलिसेकंद. एकही स्कॅनर बोलण्यापूर्वीच हवेतला निम्म्याहून अधिक वेळ नावे पुकारण्यात संपत होता.

दुसरी अडचण पॉवरची. एपी २० डीबीएमवर म्हणजे १०० मिलिवॅटवर ओरडत होता आणि स्कॅनर १४ डीबीएमवर, म्हणजे सुमारे २५ मिलिवॅटवर उत्तर देत होता. लग्नात लाउडस्पीकरवरून पुकारणाऱ्याला शेवटच्या पंगतीतल्या माणसाचे उत्तर ऐकू येत नाही, तसा हा प्रकार आहे. स्कॅनरला चार कांड्या दिसतात, म्हणून तो जुन्याच एपीला चिकटून राहतो, जवळून गेलेल्या दुसऱ्या एपीकडे वळत नाही, आणि त्याचे स्वतःचे बोलणे मात्र पोहोचत नाही. एक गोष्ट नवशिक्यांना पटवून देताना मला दर वेळी कष्ट पडतात: एक एपी सोडून दुसऱ्याकडे कधी जायचे, हे एपी ठरवत नाही, हातातले उपकरण ठरवते. वायफायच्या मानकातल्या ८०२.११ के आणि व्ही या सोयी त्याला फक्त सुचवतात. आर ही सोय अदलाबदल जलद करते, पण जुने स्कॅनर आणि प्रिंटर ती सुरू असताना जोडलेच जात नाहीत, असेही घडते. म्हणून ती मी आधी एका वेगळ्या नेटवर्कवर लावून पाहतो.

मी २० पैकी ७ एपी बंद केले. गोदामाचे व्यवस्थापक मागे उभे होते. “पैसे देऊन लावलेले एपी तुम्ही बंद करून राहिले, साहेब?” असे त्यांनी विचारले आणि त्यांचा संशय रास्तही होता. उरलेल्या १३ पैकी फक्त ५ वर २.४ गिगाहर्ट्झ ठेवले. स्कॅनर ५ गिगाहर्ट्झवर चालू शकत होते. ते कोणी सुरूच केले नव्हते. चार नावांची दोन केली, किमान वेग १२ एमबीपीएस केला, ५ गिगाहर्ट्झची पॉवर स्कॅनरच्या पॉवरच्या आसपास आणली आणि २.४ ची त्याहून सुमारे ६ डीबी कमी ठेवली. किमान वेग वाढवण्यापूर्वी जुनी उपकरणे तपासावीत, कारण जी फक्त जुने मंद वेग जाणतात ती गप्प होतात. त्यानंतर व्यवस्थापकांना एक स्कॅनर हातात देऊन पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत चालायला लावले. ते दोनदा जाऊन आले आणि बंद केलेल्या सात एपींचे काय करायचे, एवढेच विचारले. मी ते सुटे भाग म्हणून कपाटात ठेवायला सांगितले.

या जागी एक आडवाट सांगून ठेवतो, कारण ती इंटरनेटवर फार शिफारसली जाते: सिग्नल अमुक पातळीखाली गेला की एपीने उपकरणाला हाकलून द्यावे. पॉवर आणि जागा नीट असतील तर या सेटिंगची फारशी गरज पडत नाही, आणि त्या नीट नसतील तर उपकरण एका एपीकडून हाकलले जाते, दुसरा चांगला एपी नसतो, म्हणून पुन्हा त्याच दारात येते आणि पुन्हा हाकलले जाते. ज्याला मोजमाप करण्याचा कंटाळा आहे तो हा आकडा वाढवत बसतो.

मोठे चॅनेल म्हणजे मोठा वेग, ही समजूत

५ गिगाहर्ट्झमध्ये डबीवर छापलेला वेग अनेकदा ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा असतो, म्हणून सगळ्या गटाला ८० दिले जाते. रडारसाठी राखून वापरायचे चॅनेल सोडले, तर ३६ ते ४८ मधले चार आणि १४९ ते १६५ मधले पाच असे २० मेगाहर्ट्झचे ९ चॅनेल उरतात. ८० ची रुंदी घेतली की त्यांतून दोनच तयार होतात. तीस एपींच्या इमारतीत दोन चॅनेल म्हणजे पुन्हा गोदामाचीच गोष्ट. गर्दीच्या जागी मी २० ठेवतो, कार्यालयात ४०, आणि ८० फक्त एकट्या एपीला.

मधल्या ५२ ते १४४ चॅनेलवर जायचे असेल तर हे लक्षात ठेवावे की एपीला तिथे बोलण्याआधी निदान ६० सेकंद रडारचा कानोसा घ्यावा लागतो आणि रडारची खूण ऐकू आली तर चॅनेल सोडावा लागतो. त्या मिनिटात नेटवर्कचे नाव दिसत नाही. अधीर माणूस एपी मेला असे समजून त्याची वीज काढून पुन्हा लावतो, आणि ते मिनिट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एकाने असे पाच वेळा केल्याचे मला अभिमानाने सांगितले होते.

पत्ते संपणे आणि दोष एपीला देणे

एका मंगल कार्यालयात रात्री आठनंतर ‘वायफाय जोडले, पण इंटरनेट नाही’ अशी ओरड होई आणि दर वेळी एपी बदलण्याची मागणी येई. एपी ठीक होते. /२४ च्या जाळ्यात २५४ पत्ते असतात, पाहुणे सहाशे होते, आणि डीएचसीपीची मुदत २४ तासांची होती. सकाळच्या लग्नातले पाहुणे घरी जाऊन झोपले तरी त्यांचे पत्ते संध्याकाळी अडकलेलेच. त्यात प्रत्येक सभागृहाला वेगळे नाव दिलेले होते. ॲन्ड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, फोन प्रत्येक नेटवर्कच्या नावासाठी वेगळा, स्वतः तयार केलेला मॅक पत्ता (उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) वापरतात. एक पाहुणा जेवणाच्या सभागृहातून लॉनवर गेला की डीएचसीपीच्या दृष्टीने तो दुसरा माणूस होतो आणि दुसरा पत्ता घेतो. सगळीकडे एकच नाव ठेवले, पाहुण्यांसाठी /२२ चे जाळे दिले, ज्यात १०२२ पत्ते बसतात, आणि मुदत एका तासाची केली. एपींना स्वतःला लागणारे पत्ते मी कधीच पाहुण्यांच्या वाट्यातून देत नाही. नाहीतर वऱ्हाडी मंडळी जेवायला बसतात आणि वाढप्यालाच आत जागा मिळत नाही.

केबल, वीज आणि नागपूरचे ऊन

इथे मी थोडा कडवट होतो. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल अर्ध्या भावात मिळते आणि बिलावर ती ‘कॅट सिक्स’ म्हणूनच येते. एपीला वीजही त्याच केबलमधून मिळते. तो तिच्यावर सुरू होतो, कंट्रोलरमध्ये हिरवा दिसतो, आणि संध्याकाळी लोक वाढले, रेडिओने जास्त वीज मागितली की रीबूट होतो. किंवा पोर्ट १००० एमबीपीएसऐवजी १०० वर बसतो. गटातले ठरावीकच एपी संध्याकाळीच पडत असतील, तर सेटिंग उलटीपालटी करत बसण्याआधी तारेचे टोक ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरे दिसले तर उत्तर मिळाले. उन्हाचा भाग वेगळा: अस्सल तांब्याचाही रोध तापमान ४० अंशांनी वाढले की साधारण १५ टक्के वाढतो, आणि मे महिन्यात पत्र्याखालून गेलेली केबल तेवढी सहज तापते. ९० मीटरची लांबी जानेवारीत चालते म्हणून मेमध्ये चालेलच असे समजू नका. एपीलाही सहन करण्याच्या तापमानाची मर्यादा असते. आतल्या वापराच्या कित्येक मॉडेलांची ती ४० अंशांचीच असते, आणि आपल्याकडे पारा ४५ वर गेला तर कोणी बातमीही वाचत नाही.

पीओई स्विचची, म्हणजे केबलमधूनच वीज देणाऱ्या स्विचची, एकूण ताकद पोर्टांच्या संख्येवरून ठरत नाही. ८०२.३ एएफ प्रमाणे एका पोर्टवर १५.४ वॅट आणि एटी प्रमाणे ३० वॅट मिळू शकतात, पण २४ पोर्टांच्या स्विचची एकूण क्षमता १९० वॅट असेल तर प्रत्येकी १२ वॅट खाणारे एपी १५ पर्यंतच चालतील. रोजच्या वापरात ते कमी खातात, म्हणून सतरा-अठराही चालताना दिसतात; वीज जाऊन आली की सगळे एकदम उठतात आणि शेवटच्या पोर्टांवरचे उपाशी राहतात.

आणि कूलर. एका वसतिगृहात मी थंडीत मोजमाप केले होते, गॅलरीतले एपी खिडक्यांतून खोल्यांना उत्तम सिग्नल देत होते आणि मी खूश होतो. एप्रिलमध्ये प्रत्येक खिडकीत पत्र्याचा कूलर बसला, ओल्या वाळ्यासकट. पत्रा सिग्नल परतवतो आणि पाणी शोषून घेते. निम्म्या खोल्या आंधळ्या झाल्या. नागपुरात मोजमाप एक तर कूलर बसल्यावर करावे किंवा खिडकी ही भिंत आहे असे धरून करावे. पुढे तिथे एपी गॅलरीतून काढून आतल्या बाजूला, दोन खोल्यांमागे एक असे लावले.

दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल टाकू नका. मृगाच्या आधीच्या विजांच्या एका कडकडाटात दोन्ही बाजूंचे स्विच गेलेले मी पाहिले आहेत. तिथे फायबर टाकावे.

हिरव्या ठिपक्यावर विश्वास

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले होते आणि नंतर हवामान खात्याने तो संवेदकाचा बिघाड असल्याचे सांगितले. शहरातल्या कोणालाही घराबाहेर डोकावून कळले असते की ऊन आहे, पण ५६ नाही. कंट्रोलरच्या पडद्यावरचा ‘९८ टक्के उत्तम’ हा आकडा मी त्याच नजरेने पाहतो. हिरव्या ठिपक्याचा अर्थ एपी कंट्रोलरशी बोलतो आहे, एवढाच. त्याच्याखाली बसलेल्या माणसाचे काम होते आहे की नाही, हे तो सांगत नाही. मी जुना, स्वस्त फोन घेऊन इमारतीत फिरतो, कारण तक्रार करणाऱ्यांकडे तसलेच फोन असतात.

थोडक्यात आटोपण्यासारख्या

कंट्रोलर हिशेबनिसाच्या संगणकावर ठेवू नका. तो सहा वाजता बंद होतो आणि पाहुण्यांचे लॉगिन पानही त्याच्याबरोबर जाते. कंट्रोलरला स्थिर पत्ता द्या. राउटर बदलल्यावर पत्ता बदललेला कंट्रोलर शोधत फिरणारे पोरके एपी मी पुष्कळ गोळा केले आहेत. मध्ये फायरवॉल असेल आणि एपी कंट्रोलरशी बोलण्यासाठी कॅपवॅप ही पद्धत वापरत असतील, तर यूडीपीचे ५२४६ आणि ५२४७ हे दोन्ही पोर्ट उघडा, एकच नव्हे. केबल टाकण्याचा कंटाळा म्हणून एपीला एपी वायरलेसने जोडत नेऊ नका. प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. आणि एपी फॉल्स सीलिंगच्या वर, एसीच्या पत्र्याच्या डक्टला टेकवून ठेवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त पुन्हा लावण्याचे वेगळे पैसे सांगतो.

नावांबद्दल मात्र आग्रह आहे. ‘एपी-१७’ हे नाव लावणाऱ्यालाही सहा महिन्यांनी कळत नाही. मजला, जागा आणि दिशा असे नाव द्यावे, तेच एपीच्या अंगावर चिकटवावे, सोबत मॅक पत्त्याची शेवटची चार अक्षरे आणि स्विचचा पोर्ट क्रमांक लिहावा, आणि हीच यादी छापून रॅकच्या दाराला आतून लावावी. पासवर्ड त्या कागदावर लिहू नये. तो मी बंद पाकिटात मालकांकडे देतो. परवा एका जुन्या ठिकाणी रॅक उघडला तेव्हा माझा तो पिवळा पडलेला कागद जागेवर होता आणि त्यावर कोणीतरी पेनाने लिहिले होते: ‘२-जिना-पश्चिम काढून साहेबांच्या केबिनमध्ये लावला.’ कंट्रोलरमध्ये त्याचे नाव अजून जिन्याचेच होते, आणि जिन्यात रेंज का नाही, हे पाहण्यासाठीच मला बोलावले होते.